कोंबड्या रतनच्या

"तात्या, माझ्या कुत्र्यानं तुमच्या चार कोंबड्या मारल्या. मी नाही म्हणत नाही."

सुभेदार जगदाळे आमच्या अंगणात उभे राहून हे बोलले, तेव्हा मी गोठ्यामागे बसून माझी तांबडी कोंबडी उचलत होते. तिची मान लोंबत होती आणि अंग अजून गरम होतं. बाकीच्या तिघी इकडेतिकडे पडल्या होत्या. एक उकिरड्याजवळ, एक बाभळीच्या काटेरी ढिगात, आणि एक तर पार पाण्याच्या डोणीपर्यंत पळत गेली होती बिचारी. उरलेल्या दोघी आणि कोंबडा छपरावर चढून बसले होते, काही केल्या खाली उतरत नव्हते.

चैत्रातली दुपार होती. माण तालुक्यातली दुपार म्हणजे जमिनीवर पाय टेकवत नाही अशी. लग्न होऊन मला दीड वर्ष झालं होतं. नवरा साताऱ्याला गॅरेजात कामाला, महिन्यातून एकदा यायचा. घरात सासरे, सासू आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूला आत्याबाई. गाव सगळं मामांना तात्या म्हणायचं.

सुभेदार आमचे शेजारी. मधे फक्त दगडी गडगा, तोही कमरेएवढा. पलटणीतून पेन्शनीवर आलेला ताठ माणूस, मिशीला पीळ, धोतरालासुद्धा इस्त्री. त्यांनी एक कारवान कुत्रा पाळला होता. लांब पाय, चिकटलेलं पोट, वाऱ्यासारखा धावणारा. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं मेजर. उभी नोकरी ज्या हुद्द्याला सलाम ठोकण्यात गेली, तो हुद्दा आता रोज संध्याकाळी शेपूट हलवत यांच्या हातची भाकरी खायचा. गावातली पोरंटोरं यावरून हसायची, पण सुभेदारांच्या पाठीमागे.

"कुत्रं ते कुत्रं," मामा ओसरीवरून म्हणाले. "त्याला काय कळतंय. बसा, च्या घ्या."

"चहा नंतर. आधी व्यवहार." सुभेदारांनी खिशातून पन्नासच्या दोन नोटा काढल्या. "बाजारात कोंबडी वीस-बावीसला मिळते. मी पंचवीस धरलेत. आणि मारलेल्या कोंबड्या तुमच्याच. रस्सा करा."

"एवढं कशाला," म्हणत मामांनी नोटा घेतल्या. "मिटलं म्हणायचं."

खरं सांगते, सुभेदार वाईट माणूस नव्हते. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मुंगसानं मारल्या, माझा कुत्रा कशावरून? हे स्वतः चालत आले होते, मागितल्याशिवाय पैसे देत होते. पण मी गोठ्यामागे ऐकत होते. त्या दोघांनी दोन वाक्यांत जे मिटवलं होतं, ते माझं होतं.

पहिल्या माहेरपणाहून परत निघताना आईनं मला एक तलंग दिली होती. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. "ही तुझी," आई म्हणाली होती, "हिच्यात कुणाचा वाटा नाही." तीच ही तांबडी. एसटीत मांडीवर डालगं धरून आणली. दीड वर्षात तिला धरून मी सहा कोंबड्या आणि एक कोंबडा केला. घार, मुंगूस, मानमोडीचा रोग, सगळ्यातून वाचवून केला. आणि आता तांबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायला बसली होती. अकरा अंड्यांवर बसून तिला नऊ दिवस झाले होते. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते, दाणे टिपते, पाणी पिते आणि पुन्हा जाऊन बसते. तेवढ्याच घटकेला मेजरनं गडगा ओलांडला.

टोपल्यात अकरा अंडी तशीच होती. हात लावला तर कोमट. आत जीव धरलेला होता. ऊन होतं तोवर ती तगणार होती. दिवस मावळला की गार पडणार होती आणि सगळं संपणार होतं.

मी तांबडीला हातात घेऊनच अंगणात आले. पदर डोक्यावर होता, पण पायात चप्पल नव्हती याचंही भान नव्हतं.

"मामा, ते पैसं परत द्या."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. परक्या माणसासमोर मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. परकं कशाला, घरातही मला काही हवं असलं तर ते आत्याबाईंमार्फत त्यांच्यापर्यंत जायचं.

"काय म्हणालीस?"

"पैसं परत द्या. त्यांनी रश्श्याचा भाव दिलाय. म्या रश्श्यासाठी पाळल्या नव्हत्या."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "कमी वाटतात का? तीस धरू."

"पन्नास धरला तरी नगं," मी म्हणाले. "ही अंड्यावर बसली हुती. अकरा अंडी हायत, नऊ दिसांची. ती पैशावर उबवू का?"

"आत जा," मामा दबक्या आवाजात म्हणाले. "म्या मिटलं म्हनलोय. शबूद दिलाय."

तेवढ्यात चुलीपासून आत्याबाई उठून आल्या. आत्याबाईंचं आणि माझं फार गूळपीठ होतं असं कुणी समजू नये. दीड वर्षात माझी एक भाकरी त्यांना गोल दिसली नव्हती. त्या दारात उभ्या राहिल्या, हाताचं पीठ झाडलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "शबूद तुमचा. कोंबड्या हिच्या."

"तू मधी बोलू नगंस."

"का न्हाई बोलू? बैल इकताना कधी बोलले व्हय मी? मेंढरं काढली तवा बोलले? कोंबडी बाईची असती. तुमच्या आईनं अंड्याचा एक पैसा कधी तुमच्या बाला दिला न्हाई, आन् त्यांनीबी कधी मागितला न्हाई. मग आज तुमी कुणाच्या कोंबड्या मिटवल्या?"

आमच्या भागातली रीतच ती. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या घरच्या, म्हणजे पुरुषांच्या. कोंबडी मात्र बाईची. अंडी विकून बाई बांगड्या भरेल नाहीतर पोराला पाटी घेईल, तिला कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी कधी असं तोंडावर म्हणून दाखवलं नव्हतं.

मामांनी नोटा सुभेदारांच्या पुढे धरल्या. चेहरा असा झाला होता की मला वाईट वाटलं. पण मी मागे सरले नाही.

सुभेदारांनी नोटा घेतल्या. मग पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "बरं. मग पोरी, तुला काय पाहिजे?"

"एक बसणारी कोंबडी. आज, दिवस मावळायच्या आत. आन् तीन तलंगा. त्या सवडीनं दिल्या तरी चालंल."

सुभेदार हसले. "एवढंच ना? अगं, कोंबडी ती कोंबडी. तासाभरात आणतो."

त्यांनी राजदूतला किक मारली आणि धुरळा उडवत गेले. मी काही बोलायच्या आत गेलेसुद्धा. कोंबडी ती कोंबडी नसते हे त्यांना सांगणार कोण? पलटणीत ते शिकवत नाहीत.

मग घरात आमचं जे काही सुरू झालं ते सांगायला नको. मामा तंबाखू मळत बडबडत होते. "कांद्याला अजून तीन पाणी लागतात. हीर कुणाची? सुभेदाराची. उद्या त्यानं मोटर चालू केली न्हाई, तर कांदा जळून जाईल. चार कोंबड्यांपायी सगळं रान घालवाल तुमी दोघी."

हे खोटं नव्हतं. आमचा कांदा त्यांच्या विहिरीवर होता. दर तिसऱ्या दिवशी ते आम्हाला पाणी द्यायचे आणि त्याबद्दल कधी काही मागत नव्हते. मी आत्याबाईंकडे बघितलं.

आत्याबाईंनी तव्यावर कोंडा गरम करायला घातला होता, तो टोपल्यात पसरला, त्यावर एकेक अंडं ठेवलं, वरून घोंगडीचा तुकडा गुंडाळला आणि टोपलं पोटाशी धरून चुलीपुढे बसल्या. "दीड वर्सात भाकरी धड शिकली न्हाई," मला म्हणाल्या, "पण कोंबडी बसवायचं घेतलंस शिकून. जा, पाणी आण." मी पाणी आणायला गेले आणि रांजणापाशी थोडी रडले. बरं वाटलं.

सुभेदार तासाऐवजी दीड तासानं आले. राजदूतच्या मागे मोठी पाटी बांधलेली. म्हसवडच्या रस्त्याला त्या वर्षी कुणीतरी पोल्ट्री काढली होती, तिथून चार कोंबड्या आणल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, लालभडक तुऱ्याच्या, सगळ्या एका मापाच्या.

"बघ," ते पाटी उतरवत म्हणाले. "तुमची गावठी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. ही अडीचशे देते. आहेस कुठं!"

त्यांचा चेहरा असा खुलला होता की बोलायचं जिवावर आलं. तरी मी म्हणाले, "पण ह्या बसत न्हाईत."

"बसत नाहीत म्हणजे?"

"अंड्यावर. ह्या अंडी घालत्यात आन् निघून जात्यात."

"असं कसं? कोंबडी आहे म्हटल्यावर बसणारच."

माणूस तोफेपुढे उभा राहिलेला, तो माझं काय ऐकणार? म्हटलं, बघा. माझी उबवणीची अंडी मी त्यांच्या पायाखाली देणार नव्हते. घरात खायची तीन अंडी होती ती एका टोपल्यात भुसा घालून ठेवली आणि पहिली पांढरी त्यावर बसवली. ती उठली. सुभेदारांनी दोन्ही हातांनी धरून पुन्हा बसवली. ती पुन्हा उठली आणि त्यांच्या इस्त्रीच्या धोतरावर घाण करून चालती झाली. दुसरीनं अंड्याला चोच मारून बघितली. तिसरी मात्र बसली. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. ती थोडा वेळ बसली, अंग फुगवलं, एक अंडं घातलं आणि कलकलाट करत अंगणभर फिरू लागली.

"दिलं ना!" सुभेदार ओरडले. "दिलं की अंडं!"

"देतीया," आत्याबाई दारातून म्हणाल्या. टोपलं अजून त्यांच्या पोटाशीच होतं. "पण बसत न्हाई."

ओसरीवर मामांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. तेवढ्यात गडग्यापलीकडून कुणीतरी खळखळून हसलं. बघते तर सुभेदारांच्या मंडळी, अनसाकाकी. कधीपासून तिथे उभ्या होत्या कोण जाणे. काकी कमी बोलणाऱ्या. नवऱ्याच्या आवाजापुढे त्यांचा आवाज कधी ऐकूच यायचा नाही. त्यांना असं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

सुभेदार घामाघूम झाले होते. ऊन कललं होतं. गडग्याची सावली पार आमच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. त्यांनी काकींकडे बघितलं आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, आपली ती करडी कोंबडी! परवा पाण्यात बुडवत होतीस ती. खुडूक झालीय म्हणत होतीस ना?"

काकी हसायच्या थांबल्या. "झालीया."

"मग झालं तर! आण इकडं."

मला हे ठाऊक होतं. करडी खुडूक झाल्याचं तिच्या आवाजावरून मला चार दिवस आधीच कळलं होतं. खुडूक मोडायची असली की कोंबडीला गार पाण्यात बुचकळतात, तेही मी गडग्यावरून बघितलं होतं. तरी दुपारपासून मी करडीचं नाव काढलं नव्हतं, कारण कुत्रा सुभेदारांचा होता आणि कोंबडी काकींची.

"न्हाई," मी म्हणाले.

"आता काय नाही?" सुभेदारांचा पारा चढला. "बसणारी पाहिजे होती ना? ही बसणारी आहे!"

"ती काकींची हाय. माझ्या कोंबड्या मामांनी मिटवल्या ते चाललं न्हाई, मग काकींची कोंबडी तुमी कशी देणार? त्यांना इचारा."

मामांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मी मनात म्हटलं, गेलं आता कांद्याचं पाणी.

सुभेदार वळले आणि दोन ढांगांत गडग्यापाशी गेले. "काय गं? द्यायची ना कोंबडी?"

"अशी का मागत्यात?" काकी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"नीट इचारायचं असंल तर इचारा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या." काकींचा आवाज बारीक होता, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "दिवाळीनंतर तुमच्या मेजरनं माझी सहा पिल्लं खाल्ली. सहा. त्या येळंला कोण आलं व्हतं का पंचवीस धरून?"

सुभेदार थांबले. "मला बोलली नाहीस कधी."

"बोलले हुते. तुमी म्हनला, कुत्रं हाय, जाऊ दे."

मी त्या माणसाला गावसभेत बोलताना ऐकलं होतं, पोरांना कवायत शिकवताना ऐकलं होतं. आता जे बोलले, तसं मात्र कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली, हात गडग्यावर ठेवला आणि म्हणाले, "चुकलं माझं. अनसा, तुझी कोंबडी देतेस का?"

काकींना घाई नव्हती. मला मात्र आत घोंगडीतली अंडी दिसत होती आणि गडग्यावर टेकलेला सूर्य.

"देते," काकी शेवटी म्हणाल्या. "पण तुमच्यासाठी न्हाई, रतनसाठी. आन् आजपासनं दिवसा मेजर साखळीला. मंजूर?"

"मंजूर."

"आन् मला हिच्या बदली दुसरी गावठी आणायची. ह्या पांढऱ्या न्हाईत."

"आणतो."

काकींनी करडीला पंखांखाली हात घालून उचललं आणि गडग्यावरून माझ्या हातात दिलं. कोंबडी अंग फुगवून रागानं खुडखुड करत होती. इतका गोड आवाज मी आजवर ऐकला नाही. देताना काकींनी माझं मनगट धरलं, जरा दाबलं, आणि घरात गेल्या.

मी खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तांबडीचं टोपलं पुन्हा मांडलं. आत्याबाईंनी अकराच्या अकरा अंडी त्यात ठेवली. सगळी अजून कोमट होती. करडीला समोर सोडलं. तिनं एकदा वाकून बघितलं, एक पाय आत ठेवला, मग दुसरा. चोचीनं एक अंडं पोटाखाली ओढलं, मग शेजारचं. मग पंख पसरले, अंग खाली दाबलं आणि डोळे मिटले. आत्याबाईंनी वर डालगं झाकलं. त्यांच्या पोटाला टोपल्याचा वळ उठला होता, तो त्या किती दिवस सगळ्यांना दाखवत होत्या.

मारलेल्या कोंबड्यांचा रस्सा आम्ही केला नाही. मामांनीच शेताच्या कडेला खड्डा काढून त्या पुरल्या.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. मामा पहाटेच फावडं घेऊन बांधावर जाऊन बसले, पाणी येणार नाही म्हणून आधीच तोंड पाडून. दिवस वर आला आणि मोटर सुरू झाली, नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखी. मेजर साखळीला बांधलेला होता आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा रडत होता. सुभेदारांनी आठवड्याच्या बाजारातून तीन तलंगा आणल्या. तिन्ही मी हातात घेऊन, पिसं उलटून बघितल्या, आणि एक परत केली. तिच्या पायाला खरूज होती. त्यांनी मुकाट्यानं बदलून आणली.

बाराव्या दिवशी पिल्लं निघाली. सात. चार अंडी तशीच राहिली.

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. दुपारी सुभेदार आले. मामा ओसरीवर बसले होते. पुरुषाशीच बोलायची जन्माची सवय बारा दिवसांत कुठली मोडायला! सुभेदार त्यांच्याजवळच बसले आणि म्हणाले, "तात्या, चार अंडी वाया गेली म्हणे. दुपारभर गार पडली, त्यानंच असणार. त्या चार पिल्लांचं काय द्यायचं ते सांगा. उगीच कमी नको राहायला."

मी आत पिल्लांना कण्या घालत होते. हात तसाच राहिला. मामांनी मान्य केलं असतं तर मला काही तक्रार करायची सोय नव्हती, कारण मिळत होतं ते जास्तच होतं.

मामांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "मला काय इचारता?" ते म्हणाले. "कोंबड्या रतनच्या. ए रतन, भाईर ये. सुभेदार तुझ्याकडं आल्यात."

दीड वर्षात त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. मी पदर नीट केला आणि बाहेर आले. सुभेदार उठून उभे राहिले. मामांसमोर बसलेला माणूस माझ्यासाठी उठला.

"त्या चारांचं काही नगं," मी म्हणाले. "तांबडी बसली असती तरी अकरातली सात-आठच निघत्यात. अकराच्या अकरा कधी निघतच न्हाईत. ती आपसूक गेली, तुमच्या कुत्र्यापायी न्हाई."

"मग फिटलं?"

"फिटलं."

सुभेदारांनी हात जोडले. मामांना नाही, मला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मी मान खाली न घालता त्यांच्याकडे बघून तो नमस्कार घेतला आणि तसाच परत केला.